किडनी ट्रान्सप्लांटनंतर रक्ताची गुठळी: एकाला पोटात इंजेक्शन, दुसऱ्याला का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाच्या किडनी ट्रान्सप्लांटची तारीख ठरत आली आहे, आई किडनी देणार आहे. डायलिसिसच्या काळात त्याच्या हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) दोनदा गुठळी होऊन बंद पडला आणि तेव्हापासून त्याला रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चालू आहे. त्याच युनिटमध्ये ऑपरेशन झालेल्या एका बाईंना रोज पोटात रक्त पातळ करणारं इंजेक्शन देत होते, भावाबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "त्या वेळी बघून ठरवू." तुम्हाला ही टोलवाटोलवी वाटली. फिस्टुलासारखी नवी किडनीही बंद पडली तर, ही त्यामागची धास्ती.

मी नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीविकारतज्ज्ञ) आहे आणि बरीच वर्षं ट्रान्सप्लांट युनिटमध्येच काम करतोय. "बघून ठरवू" हे उत्तर अपुरं आहे, पण चुकीचं नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत या रुग्णाच्या डोक्यावर गुठळी आणि रक्तस्राव अशी दोन संकटं एकदमच असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला बळ देतो. म्हणून सगळ्यांना सरसकट एकच औषध हा नियम कुठल्याही अनुभवी युनिटमध्ये सहसा नसतो. भावाची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्याला काय द्यावं हे मी सांगणार नाही. डॉक्टर ते कसं ठरवतात आणि ठरवायला त्यांना तुमच्याकडून कोणती माहिती लागते, एवढं मात्र सांगता येईल.

आधी कुठल्या गुठळीबद्दल बोलतोय ते पाहू, कारण नातेवाईक सगळ्या गुठळ्या एकाच टोपलीत टाकतात. आम्हाला सर्वांत जास्त भीती असते ती नव्या किडनीच्या मुख्य शिरेत किंवा धमनीत होणाऱ्या गुठळीची. हे क्वचित घडतं. निरनिराळ्या आकडेवारींत प्रमाण साधारण अर्धा टक्का ते पाच टक्क्यांच्या आसपास दिसतं. पण घडलं तर बहुतेक वेळा किडनी हातची जाते. पायाच्या खोल शिरेत होणारी आणि तिथून फुप्फुसात जाऊ शकणारी गुठळी हा दुसरा प्रकार. त्यात किडनी वाचते, पण जिवाला धोका असतो. फिस्टुलातली गुठळी आणखी वेगळी. आणि लघवीच्या नळीत अडकणारी गुठळी तर रक्तवाहिनीतली नसतेच. तिच्याबद्दल पुढे सांगतो, कारण सर्वांत जास्त घबराट तिच्यामुळेच उडते.

नवी किडनी एवढी नाजूक का? आपल्या मूळच्या किडनीच्या शिरेला लहानसहान फाटे असतात, विशेषतः डाव्या बाजूच्या. मुख्य वाट तुंबली तर थोडंफार रक्त त्या फाट्यांतून निघून जातं. ट्रान्सप्लांटसाठी काढलेल्या किडनीचे हे फाटे बांधून टाकावे लागतात. मग ती ओटीपोटात एका बाजूला ठेवून तिची धमनी आणि शीर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. म्हणजे आत येणारं सगळं रक्त बाहेर पडायला एकच दार. ते बंद झालं की किडनी तट्ट फुगते, आतला दाब वाढतो आणि प्रसंगी ती फाटतेसुद्धा. रक्तवाहिन्या टाके घालून जोडण्याची पद्धत अलेक्सिस कॅरेल यांनी बसवली आणि त्यासाठी त्यांना १९१२ साली नोबेल मिळालं. तंत्र तेव्हापासून कितीतरी पुढे गेलं असलं, तरी टाक्याच्या जागी रक्तवाहिनीचं आतलं अस्तर थोडं दुखावतंच, आणि गुठळीला तेवढं निमित्त पुरतं.

त्यात भर घालणाऱ्या बऱ्याच गोष्टी सर्जनच्या टेबलावरच्या असतात. उजव्या किडनीची शीर आखूड असते, त्यामुळे जोडणी कठीण जाते; म्हणून जिवंत दात्याकडून शक्यतो डावी किडनी घेतात. एकापेक्षा जास्त धमन्या असणं, धमनीत चरबीचे थर असणं, रुग्ण किंवा दाता अगदी लहान मूल असणं, जखम बंद करताना किडनीची जागा बदलून शिरेला पीळ पडणं, या सगळ्याने धोका वाढतो. रक्त पातळ करण्याच्या औषधाने यातलं काहीही दुरुस्त होत नाही. पीळ पडलेल्या नळीत पाणी कितीही पातळ असलं तरी ते अडणारच.

किडनीच्या रक्तवाहिनीतल्या बहुतेक गुठळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत होतात. दोन आठवड्यांनंतर त्या फारशा दिसत नाहीत. म्हणूनच पहिल्या रात्री तुमच्या भावाच्या पलंगापाशी बसून सिस्टर दर तासाला लघवी मोजत असतील. जिवंत दात्याची किडनी बहुधा टेबलावरच लघवी सोडायला लागते आणि तासाला दोनशे-तीनशे मिलिलिटर लघवी येणं आमच्यासाठी नेहमीचं असतं. असं चाललेलं असताना एखाद्या तासाला पिशवीत जेमतेम वीस मिलिलिटर दिसतात. मग सिस्टर आधी नळी कुठे दुमडली आहे का ते पाहतात, मग मोठ्या सिरिंजमध्ये सलाइन घेऊन हळूच नळीत सोडतात आणि मागे ओढतात. पुष्कळदा काळपट लांबट गुठळी सिरिंजमध्ये येते आणि पाठोपाठ लघवीची धार सुटते. ही मूत्राशयातली गुठळी. नव्या किडनीची लघवीची वाहिनी मूत्राशयाला जिथे जोडतात, तिथून थोडं रक्त झिरपलेलं असतं, ते नळीत अडकतं. हिच्यामुळे नातेवाईकांचे चेहरे पांढरे पडतात, पण ती काढणं पाच मिनिटांचं काम असतं.

नळी मोकळी असूनही लघवी येत नसेल, तर मात्र धावपळ सुरू होते. शीर बंद झाली असेल तर लघवी लालभडक होते, किडनीच्या जागी दुखायला लागतं, हाताला ती जागा टणक आणि फुगलेली लागते. धमनी बंद झाली असेल तर दुखतही नाही, लघवी नुसती थांबते. डॉप्लरचं (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचं) मशीन पलंगापाशीच आणतात. शिरेत प्रवाह दिसत नाही, आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये धमनीतलं रक्त पुढे जायच्या ऐवजी मागे फिरताना दिसतं, असं चित्र आलं की रुग्णाला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. रक्तपुरवठा तुटलेल्या आणि शरीराच्या उबेत असलेल्या किडनीकडे फार वेळ नसतो. अर्ध्या-एक तासानंतर ती वाचण्याची आशा झपाट्याने मावळते. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की ज्या युनिटमध्ये रात्री दोन वाजताही डॉप्लर होतं आणि सर्जन पोहोचतो, ते युनिट इंजेक्शनच्या निवडीइतकंच, कदाचित त्याहून जास्त, महत्त्वाचं आहे. डॉक्टरांना हे नि:संकोच विचारा.

मग इंजेक्शन सगळ्यांनाच देऊन मोकळं का होत नाही? कारण किडनी निकामी झालेल्या माणसाच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) संख्येने पुरेशा असल्या तरी त्यांचं काम नीट चालत नाही. रिपोर्टमध्ये प्लेटलेट दोन लाख, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) व्यवस्थित, आणि तरीही जखमेतून रक्त झिरपत राहतं, हे आम्ही नेहमी बघतो. नवी किडनी चालू झाली की रक्तातली घाण कमी होते आणि प्लेटलेट काही दिवसांत ताळ्यावर येतात. म्हणजे रक्तस्रावाचा धोका सुरुवातीला सर्वांत जास्त, आणि नेमकी तीच वेळ किडनीच्या शिरेतल्या गुठळीचीही. वर आणखी एक गंमत आहे, अर्थात आमच्यासाठी ती गंमत नसते: औषध जास्त झालं, किडनीभोवती रक्त साठलं, की तो साठा बाहेरून शिरेवर दाब देतो आणि प्रवाह मंदावून आत गुठळी होऊ शकते. गुठळी टाळायला दिलेलं औषध असं गुठळीचंच कारण ठरू शकतं. त्या बाईंना इंजेक्शन होतं म्हणून भावालाही हवं, हा हिशेब त्यामुळे लागू पडत नाही. त्यांना कदाचित पूर्वी पायात गुठळी झाली असेल, त्यांचा मूळ आजार ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार) असेल, किंवा किडनीला दोन धमन्या असतील. त्यांच्या फाइलमधलं ना तुम्हाला माहीत, ना मला.

आता भावाच्या फिस्टुलाकडे. फिस्टुला बंद पडणं हे डायलिसिसच्या रुग्णांत इतकं सर्रास आहे की तेवढ्यावरून रक्तातच दोष आहे असं म्हणता येत नाही. बहुतेक वेळा शीर एखाद्या जागी अरुंद झालेली असते, किंवा डायलिसिसमध्ये बीपी फार खाली गेलेलं असतं, किंवा हात दाबून झोपलेला असतो. पहिली चौकशी मी हीच करतो: दोन्ही वेळा बंद पडला तेव्हा तिथे अरुंदपणा सापडला होता का, फुग्याने ती जागा रुंद केली होती का? तसं असेल तर कारण त्या जागेपुरतं होतं आणि मी बराच निर्धास्त होतो. पण शीर चांगली रुंद, बीपी व्यवस्थित, तरीही पुन्हा पुन्हा गुठळी, असं असेल तर रक्त तपासायला हवं. त्यातच वडिलांना, मामाला, आत्याला कमी वयात पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, घरात कुणाचे वारंवार गर्भपात झाले असतील, तर तपासणी टाळू नये. हे घरच्यांखेरीज कुणाला माहीत नसतं आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आईकडची आणि वडिलांकडची अशी दोन्ही कुटुंबं आठवून, कुणाला, कितव्या वर्षी, कशामुळे, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.

तपासण्यांत फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन या जनुकांतले बदल, गुठळी रोखणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन आणि गुठळीला बळ देणारी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी ही मुख्य मंडळी. यातली शेवटची मला ट्रान्सप्लांटमध्ये सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. रक्त कधी काढलं यालाही फार महत्त्व आहे. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असताना प्रोटीन सी आणि एस कमीच दिसणार. डायलिसिसच्या लाइनमधून, हेपरिन (रक्त पातळ करणारं औषध) मिसळलेलं रक्त गेलं तर ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचा (ही अँटिफॉस्फोलिपिडचीच एक चाचणी) रिपोर्ट फसवा येऊ शकतो. अँटिफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी लागते. जनुकांची तपासणी तेवढी केव्हाही करता येते. तारीख ठरत आलीय म्हणता, म्हणून हे आत्ताच विचारा. आदल्या आठवड्यात काढलेले अर्धे रिपोर्ट कुणाच्या कामाचे नसतात.

मूळ आजार कोणता होता तेही पाहा. ज्या आजारात लघवीतून भरमसाट प्रथिनं जातात, त्यात गुठळी रोखणारं अँटिथ्रॉम्बिनही वाहून जातं आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. असाच प्रथिनं घालवणारा, एफएसजीएस नावाचा आजार नव्या किडनीत काही वेळा दिवसांतच परत येतो. किडनीच्या अगदी सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या करणारा एक वेगळाच गट आहे. त्यात प्लेटलेट घसरतात आणि रक्तपेशी फुटल्याचं दाखवणारं एलडीएच वाढतं. काही वेळा मूळ आजार त्याला कारण असतो, काही वेळा शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं टॅक्रोलिमससारखं औषध, तर काही वेळा ते नाकारणंच, म्हणजे रिजेक्शन. तिथे हेपरिनचा उपयोग नसतो; कारण शोधून त्यावरच उपचार करावे लागतात.

इतकं पाहून झाल्यावर आम्ही मनात साधारण तीन गट करतो. धोका कमी असलेल्याला लवकर उठवून चालवणं, पायांना हवेच्या दाबाच्या पट्ट्या आणि काही युनिटमध्ये अ‍ॅस्पिरिन. मधल्या गटाला त्वचेखाली कमी डोसचं हेपरिन, साधारणपणे ५,००० युनिट दिवसातून दोनदा, ड्रेनमधून (जखमेतलं रक्त आणि द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारं रक्त आणि हिमोग्लोबिन यांच्यावर डोळा ठेवून. ज्याला रक्ताचा सिद्ध झालेला दोष आहे किंवा पूर्वी मोठी गुठळी झाली आहे, त्याला शिरेतून हेपरिन आणि पुढे काही महिने किंवा कायमची गोळी. हे गट कागदावर जितके सुटसुटीत दिसतात तितके पलंगावर नसतात. ड्रेनमध्ये अचानक लाल रक्त वाढलं की तिसऱ्या गटातल्या रुग्णाचंही हेपरिन थांबवतो. "त्या वेळी बघून" यातली "ती वेळ" म्हणजे ही. सर्जनने जोडणी कशी झाली ते सांगितल्यावर आणि पहिल्या काही तासांचं ड्रेन पाहिल्यावर. अ‍ॅस्पिरिन असो की हेपरिन, ट्रान्सप्लांटमध्ये सरसकट दिल्याने किती फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे. दोन चांगली युनिट वेगळं वागतात याचं कारण बऱ्याच अंशी हेच.

हेपरिन कुठलं, हाही मुद्दा आहे. जुनं, साधं हेपरिन शरीरातून लवकर जातं आणि प्रोटामिन देऊन त्याचा असर पुसता येतो. एनॉक्सापरिनसारखं नवं हेपरिन सोयीचं असलं तरी ते मुख्यतः किडनीतूनच बाहेर पडतं. नवी किडनी संथ चालली तर ते साठत जातं, आणि प्रोटामिनने त्याचा असर अर्धवटच उतरतो. म्हणून पहिल्या दिवसांत मी साध्याकडे झुकतो. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) उतरल्यावर नवं वापरायला माझी हरकत नसते. भावाला डायलिसिसमध्ये हेपरिनमुळे कधी प्लेटलेट घसरल्याचं कुणी म्हटलं असेल, तर ती गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगा. तसं असेल तर हेपरिन त्याच्यासाठी वर्ज्य ठरू शकतं.

औषधाशिवायच्या गोष्टींत सर्वांत वरचा क्रमांक बीपी आणि पाण्याचा. पहिल्या दिवसांत आम्ही बीपी मुद्दाम थोडं वरच ठेवतो. घरून आणलेल्या बीपीच्या जुन्या गोळ्या "नेहमीच्याच आहेत" म्हणून कुणी देऊन टाकल्या आणि बीपी खाली आलं, तर किडनी आणि फिस्टुला दोन्हींचा प्रवाह मंदावतो. लघवी भरपूर होत असताना तेवढंच पाणी शिरेतून भरून द्यावं लागतं, त्याचा हिशेब सिस्टरांकडे असतो. दुसऱ्या दिवशी भावाला उठवतील, दुखतंय म्हणून तो कुरकुर करेल. त्याची बाजू घेऊ नका. ऑपरेशनच्या आधीच विचारायची एक गोष्ट राहिली. मांडीच्या शिरेतून कधी डायलिसिसची नळी घातली होती का? ज्या शिरेला नवी किडनी जोडायची, ती त्या जुन्या नळीमुळे अरुंद किंवा बंद झालेली असू शकते. तसं असेल तर आधी डॉप्लर किंवा स्कॅन करून बाजू ठरवतात.

घरी गेल्यावर काळजी वेगळी. पायातल्या गुठळीचा धोका काही महिने राहतो, विशेषतः किडनी बसवलेल्या बाजूच्या पायात. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता निघा. अशा वेळी किडनीजवळ लसिकेचा द्रव साठून शिरेवर दाब आलाय का हेही सोनोग्राफीत पाहतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू झाली तर बाकीच्या औषधांशी तिचं भांडण असतं. ट्रान्सप्लांटनंतर संसर्ग टाळायला दिलं जाणारं को-ट्रायमॉक्सॅझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, दोन्ही वॉरफरिनचा असर वाढवतात. त्यामुळे आयएनआर पहिल्या आठवड्यांत वारंवार पाहावं लागतं. नव्या गोळ्यांपैकी डाबिगाट्रान बहुतांश किडनीवाटे जातं, म्हणून ते मी टाळतो. अ‍ॅपिक्साबान त्या मानाने सोयीचं. पण सायक्लोस्पोरिन (रिजेक्शन टाळणारं) किंवा डिल्टियाझेम (बीपीचं) सोबत असेल तर त्याचीही रक्तातली पातळी वाढू शकते. कुठल्याही दुसऱ्या डॉक्टरने साधं अँटिबायोटिक लिहिलं तरी ट्रान्सप्लांट टीमला फोन करून मगच सुरू करा.

एका गोष्टीकडे रुग्ण हमखास काणाडोळा करतात, कारण ती चांगली बातमी वाटते. डायलिसिसवर आठ-नऊ असलेलं हिमोग्लोबिन ट्रान्सप्लांटनंतर वाढतं आणि सगळे खूश होतात. काहींचं मात्र वाढतच जाऊन १७ च्या वर जातं. हे बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसतं. रक्त दाट होऊन गुठळीचा धोका वाढतो. यावर लोसार्टन किंवा एनालाप्रिलसारखी बीपीची गोळी चांगली लागू पडते. तेव्हा नियमित तपासणीत फक्त क्रिएटिनिनचा आकडा पाहून रिपोर्ट मिटू नका.

आत्ता चालू असलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंदही करू नका आणि कुणाच्या सल्ल्याने वाढवूही नका. एवढ्या डोसची अ‍ॅस्पिरिन पुष्कळ सर्जन ऑपरेशनपर्यंत चालू ठेवतात, काही थांबवतात. दोन्हींमागे कारणं आहेत. क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारं औषध असेल तर ते मात्र सहसा पाच-सात दिवस आधी थांबवावं लागतं. "आतापासूनच जोरदार पातळ करून ठेवू" असं कुणी नातेवाईक सुचवत असतील तर त्यांना नम्रपणे नकार द्या; ते रक्त टेबलावर जाईल.

आईबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण त्याच दिवशी तिचंही मोठं ऑपरेशन आहे आणि पायातली गुठळी तिलाही होऊ शकते. तिला पायमोजे किंवा हवेच्या पट्ट्या, दुसऱ्या दिवशी चालणं आणि बहुतेक ठिकाणी काही दिवस हेपरिनचं इंजेक्शन असतं. ती हार्मोनच्या गोळ्या घेत असेल तर त्या किती आधी थांबवायच्या ते विचारून ठेवा. तिच्या माहेरी गुठळीचा इतिहास असेल तर तिचीही तपासणी हवी. ती माहिती तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये वेगळी लिहून घ्या, कारण दात्याची फाइल वेगळी असते आणि भावाच्या कागदावर लिहिलेलं तिच्या भूलतज्ज्ञापर्यंत पोहोचेलच असं नाही.